मुक्ता वडनेरला होती तेव्हा

"हॉजकिन लिम्फोमा आहे," डॉक्टर म्हणाले. मग सोपं करून सांगितलं: हा गाठींचा कॅन्सर, मानेवरची गाठ त्याचीच. बरा होतो. पण सहा महिने केमोथेरपी, म्हणजे सलाइनमधून औषधं, घ्यावी लागेल आणि नागपूरलाच राहावं लागेल.

पुढचं मला पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकू आलं. "घरी कोण असतं?" हे त्यांनी दोनदा विचारलं.

घरी मी आणि पाच वर्षांची मुक्ता. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. मलकापुरात मी ब्लाउज शिवते.

दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंनी मला बाजूला बसवलं. "आधी नात्यातलं घर बघू. त्याला किनशिप केअर म्हणतात. कोणीच नसेल, तर बाल कल्याण समितीमार्फत फॉस्टर केअर, म्हणजे पारखून निवडलेल्या कुटुंबात काही काळ सांभाळ. मुलगी तुमचीच राहते."

नात्यात एकच घर होतं, वडनेर भोलजीच्या नणंदेचं. पण नवऱ्याच्या तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, या ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "तू त्याले वेळेवर दवाखान्यात नेलं नाही." तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. दोन दिवस मी फोन हातात घेऊन बसले. शेवटी लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काऊन इतके दिवस सांगतलं नाही? पोरीचे कपडे भरून ठेव. उद्या तिले न्यायले येऊन राह्यली मी."

केमोनंतरच्या दुपारी अंगातून सगळं वजन निघून जायचं. उशाशी फोन असायचा. तिकडे ताई त्यांचा फोन अंगणातल्या ओट्यावर तसाच सुरू ठेवत. कोंबड्या, चुलीवरची फोडणी, मुक्ताचं पाढे म्हणणं ऐकू यायचं. डोळे मिटले की मी त्याच अंगणात पडलेली असायचे, आणि माझ्या अंगावर कोणीतरी हलकेच पांघरूण ओढत असायचं.

एकदा त्या आवाजात मुक्ताने ताईंना "आई" अशी हाक मारली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सहा महिन्यांनी पेट स्कॅन झाला. कॅन्सर कुठे उरलाय का, हे त्यात दिसतं. रिपोर्ट स्वच्छ आला. मी थेट वडनेर गाठलं. मुक्ता ताईंच्या पदराआड गेली.

"आई हाये तुई. जा," ताई म्हणाल्या. ती हलली नाही.

समाजसेविका बाईंनी बजावलं होतं, "घाई करू नका." मी तिथेच राहिले. नवव्या दिवशी मुक्ताने माझ्या डोक्यावर हात फिरवला. नुकतेच केस उगवत होते. म्हणाली, "आई, तुये केस आत्याच्या बकरीच्या पिल्लावानी लागतात."

ताई हसता हसता रडल्या. "तेरवीच्या दिवशी मी वंगाळ बोलली," एवढंच म्हणाल्या. मला तेवढं पुरलं.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर गाठीच्या उपचारासोबत लेकराच्या सांभाळाचंही पहिल्याच दिवशी विचारा. मदत मागण्यात कमीपणा नाही.

आता आम्ही दोघी मलकापुरात परतलोय; दर शनिवारी मुक्ता वडनेरला जाते. सांभाळणाऱ्याला मिळणाऱ्या अशा थोड्या वेळाच्या विसाव्याला रेस्पाइट केअर म्हणतात, असं बाईंनी सांगितलं. त्या दुपारी मी मशीन झाकते आणि खिडकीपाशी झोपते. पूर्वी वाटायचं, आईने असं झोपू नये. आता गाढ झोप लागते.