पपईच्या पाल्याची पिशवी

नेरूळला एसटीतून उतरलो, गाडी धूर सोडत वाशीकडे गेली आणि मग मी हातातल्या पिशवीत डोकावलो. पपईचा पाला! धाकट्या भावाची, सुदामची, रिपोर्टांची फाईल दुसऱ्या पिशवीत होती आणि ती आता एकटीच मुंबई बघायला निघाली होती.

सुदाम वाशीच्या बाजारात माथाडी (पोती उचलणारा हमाल). जत्रेला गावी आला आणि तापाने पडला. साताऱ्यात रक्त तपासलं, तर प्लेटलेट फारच कमी. आमच्याकडे प्लेटलेट कमी म्हणजे डेंगी, आणि डेंगी म्हणजे पपईच्या पाल्याचा रस. मी तो वाटून, गाळून, नाक दाबून त्याला पाजला. तो बरळायला लागला तेव्हा त्याच्या टोळीने (एकत्र काम करणाऱ्या हमालांनी) गाडी करून त्याला नेरूळच्या इस्पितळात हलवलं. मागून मी, पाला घेऊन.

नेरूळचे रस्ते एवढे रुंद, की ओलांडताना मध्येच जरा बसून घ्यावंसं वाटतं. रिक्षावाल्याने पिशवी बघून विचारलं, "काका, मार्केटला सोडू?"

इस्पितळात सुदामने मला ओळखलं नाही. "तात्या, बैल सोडा," म्हणाला. तात्या म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. फाईल एसटीत राहिल्याचं कबूल केलं, तर म्हणाल्या, "असू दे, रक्त तर इथेच आहे." आणि स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. थोड्या वेळाने मलाही बघायला लावलं. तांबड्या पेशी गोल असतात म्हणे. मला दिसले फुटक्या बांगड्यांचे तुकडे.

"डेंगी नाही, काका. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतायत. त्यात प्लेटलेट संपतात, पेशी फाटतात. मेंदू, मूत्रपिंड, हृदय, सगळ्यालाच धोका. फार क्वचित होतो हा आजार."

"मग प्लेटलेट चढवा की!"

"त्याने गुठळ्या वाढू शकतात. रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, काढून दुसऱ्यांचा भरायचा. रोज. पक्क्या तपासणीला दिवस लागतील, तेवढं थांबलो तर माणूस हातचा जाईल. आजच सुरू करू."

रक्तपेढीने रक्तदाते मागितले. मी टोळीच्या मुकादमाला फोन केला. बाजार उरकून सतरा जण आले, खांद्यावर अजून गोणीची धूळ.

"अहो, गर्दी नको, लाईन लावा!" सिस्टर ओरडल्या.

"लाईन आमी रोजच लावतो, बाई," मुकादम म्हणाला, "फक्त पाठीवर पोतं असतंय."

मीही ऐटीत बाही सरसावली. सिस्टरनी रक्तदाब मोजला आणि "तुमचं नको" म्हणत मला बाजूच्या खुर्चीत बसवलं. टोळीने डब्यातली भाकरी आणि खर्डा (ठेचलेली मिरची) पुढे केला. खाताना डोळ्यांत पाणी आलं. खर्डा तिखट होता, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पाचव्या दिवशी सुदामने डोळे उघडून मला नीट न्याहाळलं. "दादा, माझी फाईल कुठं हाय?"

इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी बोलणी खाल्ली नव्हती.

निघताना डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "फाईल हरवली म्हणून तुम्ही नव्याने बघितलंत ना?" थोडं श्रेय मिळतंय का, बघत होतो.

"फाईल असती तरी बघितलंच असतं, काका."

छाती फुगली ती मात्र माझीच. त्या बाईंसाठी, त्या सतरा जणांसाठी.

घरी येऊन बायकोला सगळं दोनदा सांगितलं. ती परसातल्या पपईच्या बोडक्या झाडाकडे बघत ऐकत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "एक पान ठेवलं नाहीत तुम्ही. फुटेल तेव्हा फुटेल. पण पहिली पपई त्या डॉक्टरीणबाईंना जाणार. आणि पिशवी मी भरणार. एकच."