काकूंनी भिंत धुतली

"काही नाही होत बाप्पा!" असं म्हणून काकूंनी पदर कमरेला खोचला. तो त्यांचा नेहमीचाच पवित्रा, पण समोर सरकारी घरांच्या ऑफिसातली बाई उभी होती, हातात टॅबलेट घेऊन, आणि ती भिंतीकडं बघत होती, आणि भिंत पांढरी होती. पांढरी म्हणजे कशी, दुधासारखी. अहो, ती बाई बुरशी बघायला आली होती! जिच्यामुळं माझी चिऊ तीन वर्षांची असून रोज दोनदा औषधाची वाफ देणाऱ्या मशीनचा मास्क लावून बसते, ती काळी बुरशी. आणि ती आदल्या दिवशीच काकूंनी ब्लीच टाकून घासून काढलेली.

बाईनं भिंतीवर बोट फिरवलं, बोट बघितलं. "व्हेरी क्लीन," म्हणाली.

काकू खूश. "घरी माणूस येणार म्हटल्यावर घर नीट नको?" असं मला म्हणाल्या आणि तिला इंग्लिशमधे चहा विचारला.

मी तुम्हाला सांगते, त्या वेळी मला त्या बाईचा राग नाही आला. काकूंचा आला. आणि तो काय त्या दिवशीचा नव्हता, आधीपासनं साठलेला होता.

काकू आमच्याच बिल्डिंगीत राहायच्या. इथं अमेरिकेत, श्रूजबरी गावात आमचं ते तीन मजली लाकडी घर, लिफ्ट नाही, आम्ही खाली बेसमेंटमधे आणि काकू सगळ्यात वर, एकट्या. नागपूरच्या. मुलाची मुलं सांभाळायला आल्या, मुलं मोठी झाली, मुलगा टेक्सासला गेला, सुनेशी पटलं नाही, तर ह्या म्हणाल्या मी इथंच राहते. असं म्हणता येतं का बाईला? मला तर नवऱ्याला विचारल्याशिवाय लायब्ररीत जाता येत नव्हतं. तो इंडियन ग्रोसरीत दिवसभर उभा, मी नववीपर्यंत शिकलेली, इंग्लिश म्हणजे येस, नो, थँक्यू. आणि काकू साडीवर मुलाचं जुनं जॅकेट घालून, पायात स्पोर्ट शूज घालून कुठल्याही ऑफिसात शिरायच्या आणि खुर्ची ओढून बसायच्या. इंग्लिश त्यांचं पण काही साहेबासारखं नव्हतं. पण भीती नव्हती ना. मला त्यांच्या त्या न भिण्याचाच हेवा वाटायचा.

आणि चिऊचा. म्हणजे चिऊ त्यांच्याकडं जायची त्याचा. मी मास्क लावला की पोरगी हातपाय झाडायची, "नो, नो, आई, नो!" आणि काकूंनी लावला की गप. काकू त्या मशीनच्या घरघरीत सूर लावायच्या, "घर्रर्र, चाललं आमचं विमान नागपूरला," आणि ही मास्कच्या आत हसायची. मी पण विमान करून बघितलं. मला म्हणाली, "नॉट यू. आजी डू इट."

सरकारी घराचा फॉर्म पण काकूंनीच भरला माझा. त्यांनीच सांगितलं की आजारामुळं घर बदलायची गरज असेल तर यादीत नंबर वर घेतात, डॉक्टरचं पत्र पाहिजे. आमचं पत्र आलं अर्ध्या पानाचं. काकूंनी वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"काय सांगितलं तू डॉक्टरला?"

"काही नाही. त्यांनी विचारलं कशी आहे, मी म्हटलं बरी आहे."

"अगं, लेकरू खोकून खोकून निळं पडते अन् तू बरी आहे म्हणते? काहून?"

काहून काय. लेकराचं दुखणं असं तोंडानं चारचौघात बोलू नये, आमच्याकडं कोणी बोलत नाही, वाढतं म्हणतात. आणि दुसरं म्हणजे मला भीती होती. इथं पोराला नीट ठेवलं नाही तर सरकार घेऊन जातं असं मी ऐकलेलं. मग मी कशी सांगू की पोरीच्या डोक्याशी भिंत काळी आहे? मी तर गावी फोटो पाठवताना पण मागं चादर लावायची. वाढदिवसाला त्या जागी फुगे लावले. म्हणून तर नंतर पुरावा म्हणून दाखवायला एक फोटो निघाला नाही घरात, सगळ्या फोटोंत चादर नाहीतर फुगे.

काकू डॉक्टरकडं संग आल्या, दुसरं पत्र घेतलं. चांगलं दीड पानाचं.

पण त्यांनी स्वतःचा पण अर्ज केला होता. मला ते खूप उशिरा कळलं. त्यांच्या हृदयाची झडप खराब, जिने चढायची मनाई, म्हणून तळमजल्याचं घर मागितलेलं. आणि तळमजल्याचं एकच घर रिकामं होणार होतं. एका बेडरूमचं. चिऊ लहान म्हणून आम्हालाही तेच चालणार होतं.

एक दिवस काकू शिरा घेऊन खाली आल्या. त्यांचं मंजूर झालं होतं. त्या घरासाठी पहिलं नाव त्यांचं. "तुझं पण होते बघ, काही नाही होत बाप्पा," म्हणाल्या. मी तो शिरा खाल्ला, आणि तुम्हाला खरं सांगते, मनात वेगळंच चाललं होतं. म्हाताऱ्या बाईला काय, आज ना उद्या मुलाकडं जाईल. माझ्या पोरीनं किती दिवस त्या ओलीत झोपायचं?

तर त्यानंतर आमचं घर बघायला ती बाई येणार म्हणून पत्र आलं. आदल्या दिवशी दुपारी काकू बादली, ब्रश आणि ब्लीच घेऊन हजर. "हे असं दाखवणार तू घर? पाहुण्याले?" त्यांनी पाहुणाच म्हटलं. फॉर्म भरणारी हुशार बाई, पण घरी माणूस येणार म्हटलं की त्यांच्या डोक्यातनं फॉर्मबिर्म सगळं गेलं, फक्त पसारा दिसला. आणि मी? मी पण नको म्हटलं नाही. मला वाटलं बरं झालं, काळी भिंत बघून पोरीला नेणार नाहीत. त्यांनी स्टूल घेतलं, वर चढल्या, छतापर्यंत घासली. मी चिऊला घेऊन बाहेर बाकावर बसले.

आत आले तर काकू जिन्यात. बेसमेंटच्या जिन्याची चौथी पायरी. बसलेल्या, एक हात कठड्याला, एक छातीवर, ओठ पांढरे. मी पाणी दिलं. अर्धा तास तिथंच होत्या. मग एक एक पायरी करत वर गेल्या, मधे मधे खिडकीतनं बाहेर बघायचं सोंग करत.

आणि दुसऱ्या दिवशी ते "व्हेरी क्लीन" झालं.

तेव्हापासनं माझ्या मनात किडा वळवळायला लागला. मुद्दाम तर नाही धुतली? पहिलं नाव त्यांचं, दुसरं आमचं. आमच्या भिंतीवर काही सापडलंच नाही तर त्यांना घोरच नाही. मी स्वयंपाक करताना हेच, चिऊला आंघोळ घालताना हेच. नवरा म्हणाला, "येडी झालीस का? त्यांनीच तर फॉर्म भरला." पण हेवा काय ऐकतो का कुणाचं?

पुन्हा तपासा म्हणून अर्ज पण काकूंनीच लिहून दिला. भिंत आदल्या दिवशी धुतली होती, असं त्यात लिहिलं. कोणी धुतली ते लिहिलं नव्हतं.

मग ऑफिसातनं फोन आला. लाइनीवर मराठी बोलणारी एक बाई पण होती, इकडचं तिकडं करून सांगणारी. काकू माझ्याच किचनमधे बसलेल्या, चिऊ मांडीवर, दुधावर फुंकर मारत होत्या. फोन स्पीकरवर.

"त्या विचारतायत, भिंत कोणी साफ केली?"

मी काकूंकडं बघितलं.

"सांग ना," काकू म्हणाल्या. "खरं ते सांग."

मी त्यांचं नाव सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, म्हटलं.

"ठीक आहे ताई, एवढंच हवं होतं."

एवढंच हवं होतं. मी तिथं थांबायला पाहिजे होतं, हो ना? पण चिऊ त्याच वेळी हसली, काकूंच्या फुंकरीला, आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं. "एकट्यांनी केली हो. तिसऱ्या मजल्यावरनं भरलेली बादली घेऊन आल्या. स्टुलावर चढून पार छतापर्यंत घासली."

लाइनीवरच्या बाईनं ते इंग्लिशमधे सांगितलं. पलीकडनं टाइप केल्याचा आवाज आला, बराच वेळ. मग परत प्रश्न.

"त्या स्वतः? कोणाच्या मदतीशिवाय?"

"हो," मी म्हटलं.

काकूंची फुंकर थांबली होती. त्यांना सगळं कळलं असणार, त्यांना फॉर्म कळायचे, हे नाही कळणार? पण त्या एवढंच म्हणाल्या, "झालं? मग दूध पाज आता, निवलं बघ."

पुढचं काय सांगू. आमच्याकडं परत बाई आली, तोवर भिंत पुन्हा काळी पडायला लागली होती. जिने चढायची मनाई असलेली बाई बादली घेऊन स्टुलावर कशी चढते, म्हणून काकूंच्या डॉक्टरला नव्यानं पत्र मागितलं, नव्यानं तपासणी, त्यांचं नाव थांबवून ठेवलं, आणि घर तर कोणासाठी थांबत नाही. ते आम्हाला मिळालं. काकूंनी कुणाकडं एक शब्द तक्रार केली नाही. केली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

मार्च महिन्यात त्यांचा मुलगा टेक्सासहून न्यायला आला. मी त्यांची बॅग घेऊन मागनं उतरत होते. प्रत्येक मजल्याला त्या थांबल्या, उतरताना सुद्धा, हात छातीवर. मुलगा पुढं गाडीत सामान लावत होता, त्याला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "मास्क लावताना घाई नको करू, लेकराला धाक वाटते." बास.

आता दर रविवारी फोन येतो. मला नाही, चिऊला. मुलाच्या घरी झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर आहेत म्हणे. चिऊ फोन कानाला लावून हसत असते आणि मला अजून, अजून सुद्धा, आतनं जळतं.

पण पोरगी आता दिवसभर पळते आणि खोकत नाही. मास्क कपाटात आहे.

मी खोटं काही बोलले नाही. बादली खरी, स्टूल खरं. ते कोणी विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं. त्यानंतर त्या चौथ्या पायरीवर अर्धा तास बसल्या होत्या, ते पण कोणी विचारलं नव्हतं. ते मी नाही सांगितलं. तुम्ही आई असता, पोरगी अशी समोर त्यांच्या मांडीवर असती, फोन चालू असता, तर तुम्ही सांगितलं असतं का?