सगळ्यांच्या शेवटी

मी शिकलो तो मुठा गावातल्या माझ्या थोरल्या बहिणीमुळे, आक्कामुळे. तिची लेक आसामात बाळंत होणार होती आणि त्याआधी आक्काला तिथे पोचायचं होतं. तिचे गुडघे गेलेले, म्हणून मी विमानाच्या तिकिटासोबत व्हीलचेअर सांगितली आणि तिकीट कौतुकाने घरमालकांना दाखवलं.

पिरंगुटचे आमचे घरमालक महाळुंग्याची जमीन विकल्यापासून लेकाकडे विमानाने जातात. त्यांनाही खुर्ची लागते. पिशवीवरचं विमानाचं लेबल ते भाजी आणतानाही काढत नाहीत. हुकलेलं विमान ते जिंकलेल्या शर्यतीसारखं सांगतात.

"कोलकात्याला पाऊण तासात दुसरं इमान? बसा हितं, ग्रॅज्युएट."

मी अंगणातल्या खुर्चीत बसलो. ते आत जाऊन सावकाश चहा पिऊ लागले. मी उठलो की खिडकीतून ओरडत, "बसा! खुर्चीवाल्याला समद्यांच्या शेवटी उतरवत्यात."

अखेर तोंड पुसत बाहेर आले. "चला आता. इमान गेलं."

मी ते तिकीट बदलून दोन विमानांमध्ये जास्त वेळ मिळेल असं काढलं आणि आक्काला लिहिलं:

"तीर्थस्वरूप आक्कास,
कोलकात्याला दुपारभर थांबावं लागेल. खुर्ची यायला उशीर झाला तर लाजून चालत निघू नकोस, बसून राहा. माझ्या शाळेपायी तू पुष्कळ चालली आहेस."