ऊस तोडलेला आणि काहील नदीत

गुळाची काहील पावसाळ्यात नाव होते, हे गोदाकाठाबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आमच्या वैजिनाथअप्पांची काहील अशीच होती. गुऱ्हाळाच्या हंगामात ती चुलवाणावर बसे. हंगाम संपला, रानं मोकळी झाली की गाडीत घालून ती राक्षसभुवनला सिदू भोयाकडे जाई. त्या गोल, उथळ लोखंडी भांड्यात सिदू चार-चार माणसं बसवून पैलतीरी सोडी. मोबदल्यात अप्पांचं एकच काम त्याच्याकडे होतं. मार्गशीर्षात रानात ज्वारी उभी असते, गाडीला वाट नसते. तेव्हा काहील नदीनंच खाली आणून मळ्याला लावायची. हे एकच काम त्यानं कधी सरळ केलं नाही.

ही गोष्ट निजामाच्या अमलातली, फसली सन तेराशे तिशीच्या आसपासची. मी अप्पांच्या गेवराईच्या दुकानात मुनीम होतो. त्या साली अप्पांनी ऊस तोडून चरकापाशी रचला होता. चरकाला जुंपायला बैल मागून आणले होते आणि सोमवारी ते गहिनीनाथ पाटलांच्या गुऱ्हाळावर जायचे होते. म्हणजे रविवारीच काहील चुलवाणावर चढायला हवी. नाहीतर बैल गेले आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत पडला. सिदूचा स्वभाव ठाऊक असल्यानं अप्पांनी मला शनिवारी सकाळीच पाठवलं.

सिदू झोपडीसमोर जाळं विणत बसला होता. मी म्हणालो, "ऊठ, निघायचंय."

"आज शनवार हाय, मुनीमजी."

"मग?"

"लोखंड हाय ते. शनिदेवाच्या दारातून शनवारी लोखंड हलवू कावून?"

"अप्पांनी सांगितलंय."

"अप्पांनी सांगितलंय. शनिदेवानं न्हाई सांगितलं."

त्याची बायको सारजाबाई आतून हसली. "मालकानं वार न बघताच ऊस तोडला व्हय? आन् म्हणं सावकार!"

शनीच्या गावातून शनिवारी लोखंड हलवायला अप्पाही धजले नसते. त्यांना वार लक्षातच राहिला नव्हता. मी तिथेच मुक्काम केला.

रविवारी उजाडताच निघालो. काहिलीला ना नाक ना शेपूट. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला ती अर्धी गिरकी घेते. मी काठ धरून उकिडवा बसलो होतो. एकदा शनीचं देऊळ समोर यायचं, एकदा पैलतीर. पाणी संथ आणि इतकं नितळ की तळाची वाळू दिसत होती. अशा पाण्यावरून दुपारच्या आत पोचणं अवघड नव्हतं. पण थोडं पुढे जातो तोच सिदूनं वल्हं मांडीवर ठेवलं.

"ह्यो खडक बघा. हत्ती हाय त्यो."

"खडक आहे तो."

"निजामाचा हत्ती. पेशव्याच्या लढाईत हितं पाण्यात बसला, उठलाच न्हाई. लई मार खाल्ला निजामानं हितं!"

काठावर राक्षसभुवनचा पोलीस पाटील दात घासत उभा होता. मी हलक्या आवाजात म्हणालो, "हळू बोल बे! कुणाच्या राज्यात बसलायस?"

"मी नदीत बसलोय," सिदू म्हणाला आणि पाटलालाच हाक मारली, "राम राम पाटील! अप्पांच्या गुऱ्हाळावर या. आज पयली काहील हाय!"

पुढे चक्रवाकांची जोडी दिसली. ती उडू नये म्हणून तो वल्हं न हलवता, प्रवाहाच्या मर्जीनं, पार लांबपर्यंत काहील वाहू देत राहिला. मग वाळूच्या पट्ट्यावर मगर तोंड उघडून पडलेली दिसली. ती गतसाली कुणाची शेळी घेऊन गेली त्याची सविस्तर हकीकत झाली. नंतर पाणमांजरं. आई आणि तीन पिल्लं एका माशावरून भांडत होती. सिदू पुढे सरकेना.

"सिदू, ऊस वाळतोय."

"ऊस कुटं पळतोय? हे मात्र आता डुबकी मारत्याल."

"बैल उद्या जाणार आहेत!"

"मग आज हायेत की."

आणि प्रत्येक घाटावर तेच. धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी धुणारे बाप्ये, देवळाचा गुरव, दिसेल त्याला हाळी: "अप्पांच्या गुऱ्हाळावर या, पयली काहील हाय!" रतनबाई नावाची एक म्हातारी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून विचारत होती, "समद्यांनी येऊ का रं?" सिदू म्हणाला, "पोरंसोरं घिऊन या, मावशी." मला वाटलं, बोलतोय तर बोलू दे, जिभेनं बोलताना निदान हात तरी चालत होते. पहिल्या दिवशी गुऱ्हाळावर आलेल्या कुणालाही रस दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती मला ठाऊक होती. पण माझं सगळं ध्यान सूर्याकडे होतं.

शिवाय एक गोष्ट ध्यानात आली नाही. नदी तिथे मोठं वळण घेते. पाऊलवाट सरळ मळ्यात जाते.

आम्ही मळ्याच्या वळणावर आलो तेव्हा दिवस पार कलला होता. चरकाभोवती जत्रा भरली होती. पोलीस पाटील लोटा घेऊन बसला होता. रतनबाई पदरानं तोंड पुसत होती. अप्पा नदीच्या काठावर उभे होते आणि त्यांचा चेहरा बघून मीच आधी पाण्यात उतरलो.

"काहील आणली, अप्पा," मी म्हणालो.

"काय घालू रे तिच्यात? रस प्याले सगळा! रांजण चाटून पुसून ठेवलेत!"

"समदा?" सिदूनं विचारलं.

"तुझे पाव्हणे आहेत ना बे! निम्मा ऊस पिळून झाला, थेंब उरला नाही. अन् बैल बघ, तोंडाला फेस आलाय त्यांच्या."

सिदूनं काहील वाळूवर ओढली, बैलांकडे पाहिलं, मग त्या गर्दीकडे. "पाटील," तो म्हणाला, "प्यालात न्हवं? मग उठा."

पाटील कुरकुरत उठला. त्याच्यामागे गुरव, म्हशीवाले, एकेक जण. बैल जुंपायची चरकाची लाट माणसांनी धरली आणि उरलेला ऊस पिळायला सुरुवात झाली. बायकांनी चुलवाणात चिपाडं सारली. काहील चढली ती सूर्य टेकायच्या थोडीच आधी. गूळ झाला अर्धाच. सिदू मात्र लाट फिरवणाऱ्यांना हत्तीची गोष्ट सांगत जवळच बसला होता. अप्पांनी त्याला एकदा उठवलं, दोनदा उठवलं, मग सोडून दिलं.

माणूस बदलायचा विचार अप्पांनी केला नाही असं नाही. पण असली गिरक्या खाणारी काहील हाकणारा दुसरा भोई कोण? सिदूही नीटसा हाकत नव्हताच, पण निदान बुडवत नव्हता. त्यानंतर कितीतरी सालं त्यानंच ती आणली आणि दर वेळी उशिरानंच आणली. अप्पांनी बदल केला तो एवढाच: काहील मळ्याच्या काठाला येऊन टेकल्याशिवाय उसाला कोयता लावायचा नाही.