तंबूवरची थाप

झोप लागता लागता अजूनही कधी कधी मला थाप ऐकू येते. उघड्या तळव्याने कापडावर मारलेली, हलकी. मी झोपेतच "हाय, हाय मी" म्हणतो. बायको कूस बदलत विचारते, "कोणाशी बोलता?" मी म्हणतो, कोणाशी नाही. आमचं घर परभणीत, सिमेंटचं, दुसऱ्या मजल्यावर. त्या भिंतीबाहेर उभं राहायला कोणाला टीचभर जागा नाही. तरी थाप येते, आणि उत्तर दिल्याशिवाय मला पुन्हा झोप लागत नाही.

हे सुरू झालं ते मी मित्राबरोबर मोटरसायकलवरून डोंगरात हिंडून आलो तेव्हापासून.

माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर लोकांचा खोकला ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून वर्षातून एकदा दुकान भावाच्या गळ्यात मारून मी गाडीवर निघतो. तंबू, झोपायची पिशवी, छोटी शेगडी, सगळं हौसेने जमवलेलं. तंबू तर इतका भारी की बायकोला त्याची खरी किंमत मी आजतागायत सांगितलेली नाही.

मित्र पिंगळीकडच्या एका शाळेत गणित शिकवतो. कॉलेजपासूनची आमची दोस्ती. तो जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि हा पुढे वसतिगृहात राहून शिकला, एवढं मला ठाऊक होतं. त्यापलीकडचं त्याने कधी सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही.

संक्रांतीच्या आसपास त्याच्या घरी चहाला गेलो तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. वहिनी कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊजी, आता तुमीच सांगा यांना. लेक धड जेवाना गेली. शाळेचं शिबिर हाय मे महिन्यात, हिमाचलात, डोंगर चढायचं. वर्गातल्या समद्या पोरी चालल्यात. हे नुसतं न्हाई म्हणायलेत. कामून न्हाई ते सांगंनात."

मी मित्राकडे पाहिलं. तो कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "तिनं तंबूत न्हाई झोपायचं. बस."

माझं टाळकं सटकलं. डोंगरावरून पडेल म्हणाला असता तर समजलो असतो. पण तंबू? मी म्हणालो, "तू कधी झोपलास का तंबूत? काय वाघ असतो का आत? चल माझ्यासंगं. झोपून बघ आठ-दहा रात्री, मग सांग पोरीला न्हाई म्हणून."

मला वाटलं हसून टाळेल. मुलगी आतल्या दाराआड उभी होती, तिची सावली फरशीवर पडली होती. त्या सावलीकडे बघत तो म्हणाला, "चल. झोपता आलं तर पाठवतो तिला."

मुलगी दाराआडूनच म्हणाली, "काका, बाबांना चांगलं झोपवा बरं." नववीतली पोर, आणि तिचं शिबिर आता माझ्यावर अवलंबून होतं.

निघायच्या सकाळी दोन गाड्या दारात उभ्या केल्या. सामान बांधायची वेळ आली आणि साहेब हाताची घडी घालून बाजूला. मी दोऱ्या आवळतोय, गाठी मारतोय, घाम गाळतोय, आणि हा बघतोय. मी म्हणालो, "मास्तर, जरा हात लावा की. का त्यासाठी शिपाई बोलवायचा?" तो म्हणाला, "मला गाठ मारता येत न्हाई." त्याने स्वतःच्या गाडीला आकड्यांच्या रबरी पट्ट्या लावल्या होत्या, आणि एवढ्या थंडीत पायात चपला. इतक्या वर्षांत त्याच्या पायात लेसचे बूट कधी पाहिलेच नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं. मी त्यावरूनही टोमणा मारला.

पाथरीला चहा घेतला. माजलगाव, बीड, नगर करत पुढे गेलो. रस्त्याच्या कडेने ऊसतोड चालू होती. कापलेल्या फडाच्या कडेला तोडणीवाल्यांच्या कोप्या होत्या, बांबूवर उसाची पाचट नाहीतर प्लॅस्टिक टाकून केलेल्या झोपड्या, माणूस जेमतेम वाकून आत जाईल एवढ्या. एरवी बैलगाडीलाही वाट देणारा माझा मित्र अशी वस्ती दिसली की गाडी इतकी पळवायचा की मला तो दिसेनासा व्हायचा. पुढे कुठल्यातरी पुलावर थांबलेला सापडायचा, पाण्याची बाटली तोंडाला लावून.

पहिला मुक्काम माळशेज घाटाच्या वर. मी तंबू ठोकला, खिचडी केली, आत शिरलो आणि चेन ओढून घेतली. वारा असा होता की चेन ओढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मित्र म्हणाला, "तू पड. मी येतो." तो आलाच नाही. घोंगडी पांघरून बाहेर दगडाला टेकून बसला. माझा डोळा लागतो न लागतो तोच माझ्या डोक्याशी कापडावर थाप पडली.

"काय रे?"

"काही न्हाई. झोप."

थोड्या वेळाने पुन्हा थाप. मी गप्प पडून राहिलो. मग जोरात थाप. मग आणखी जोरात, तंबूच्या काड्या हलल्या. मी ओरडलो, "हाय! हाय मी! पळून चाललो का कुठं?" बाहेरून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काही नाही.

रोज हेच. जुन्नरच्या मागच्या डोंगरात हेच, मुळशीच्या पाण्याकाठी हेच. तो आत यायचा, घटकाभर पडायचा आणि मी चेन ओढली की उठून बाहेर. दिवसा मी त्याला डिवचायचो, "मास्तर, पोरगी वाट बघायली तुमच्या झोपेची." तो हसायचा. रात्री थाप यायची आणि मी अर्ध्या झोपेत "हाय" म्हणायचो. पुढे पुढे तर थाप यायला उशीर झाला की मीच जागा होऊन वाट बघायला लागलो. कशाची वाट, ते सांगता आलं नसतं.

एका सकाळी मी ओढ्यावर तोंड धुवायला गेलो. जाताना त्याला सांगून गेलो, त्याने मान हलवली. परत येताना पाहिलं तर तो तंबूजवळ उकिडवा बसलेला. तळवा कापडावर. त्याने थाप मारली आणि कान लावून थांबला. पुन्हा मारली, पुन्हा थांबला. तंबू रिकामा होता आणि ते त्याला माहीत होतं. मी मुद्दाम पायाने दगड लोटला. तो दचकून उठला आणि शेगडी पेटवायला लागला. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली.

झोप नसल्याने त्याचे डोळे लाल झाले होते. घाटात एका वळणावर तो समोरच्या टेम्पोच्या अंगावर जाता जाता वाचला. मी ठरवलं, बस झालं, कोयनेच्या वरच्या अंगाला एक मुक्काम करून परत फिरायचं. मुलीला काय सांगायचं याचे शब्दही मी मनात जुळवत होतो.

त्या संध्याकाळी पठारावर तंबू लावला. उजेड होता अजून. माझी कंबर धरली होती म्हणून मी आत जाऊन आडवा झालो, चेन ओढली. बाहेर कसलातरी जळका वास येत होता. डोंगरातले लोक गवत पेटवतात, तसा असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. थाप आली. मी कंटाळलो होतो, बोललो नाही. पुन्हा आली. मी पाठ फिरवली.

आणि कापड फाटल्याचा आवाज आला. डोळे उघडतो तर माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर कांदा चिरायचा माझाच चाकू कापडातून आत आलेला, आणि तो खाली, खाली सरकत होता. मग दोन हात आत आले, त्यांनी मला शर्टाला धरून ओढलं आणि मी पोत्यासारखा गवतावर येऊन पडलो.

समोरच्या डोंगराला वणवा लागला होता. समोरच्या म्हणजे पार पलीकडच्या, मध्ये अख्खी दरी. आमच्यापर्यंत तो जन्मात आला नसता. मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. तंबूची खरी किंमत मी पहिल्यांदा कोणाला सांगितली असेल तर ती त्यालाच. तो ऐकत नव्हता. माझा शर्ट त्याने सोडला नव्हता, आणि तो एकच विचारत होता, "बोलला कामून न्हाईस? बोलला कामून न्हाईस तू?"

बऱ्याच वेळाने त्याने शर्ट सोडला. वणव्याकडे पाठ करून बसला आणि सांगायला लागला.

"मी दुसरीत होतो, नुसता पटावर. टोळीसंगं गेल्तो. आई-बाप पहाटंच फडात. मी आन् बहीण कोपीत. लहान होती ती, बोबडं बोलायची, नुसती पळायची. बाजूला कॅनॉल. आई म्हणायची, पाण्याला गेलास तर दाराला दोरी बांधून जा. निरगाठ मार, न्हाईतर सोडती ती. आन् येता-जाता थाप मारून बघ, हाय का न्हाई. मी थाप मारली की ती आतून म्हणायची, हाय. लय हसायची. तिला तो खेळ वाटायचा."

त्याने गवताची एक काडी उपटली.

"त्या दिवशी वारं होतं. कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडली. धूर बघून मी हंडा टाकून पळत आलो. गाठ सुटंना. मीच मारलेली, आईनं शिकवली तशी, घट्ट. मी थाप मारली, ती हाय म्हणली. दातानं ओढून बघितलं. पुन्हा मारली, हाय म्हणली. मोठी माणसं आली, कोपी फाडली. तवर..."

पुढचं त्याने सांगितलं नाही. मला रडू आवरेना. त्याला रडू येत नव्हतं. तो गवताची काडी मोडत बसला होता.

"तिला काय वाटलं असंल?" तो म्हणाला. "खेळच वाटला असंल ना?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

वणवा हळूहळू डोंगराच्या पलीकडे उतरला. मी चहा केला, त्याने तो प्यायला. मग उठला आणि फाटलेल्या तंबूत जाऊन पडला. फटीतून गार वारा आत जात होता, त्याचं डोकं अर्धं बाहेर होतं. मी घोंगडी घेऊन बाहेर दगडाला टेकून बसलो, तो रोज बसायचा तसा. थोड्या वेळाने, का ते मला ठाऊक नाही, मी हात लांब करून कापडावर थाप मारली.

आत झोपायची पिशवी सळसळली. मग तो म्हणाला, "हाय."

मी पुन्हा मारली. "हाय," तो म्हणाला, आवाज झोपेने जड झाला होता. तिसऱ्या वेळेला उत्तर आलं नाही, घोरण्याचा आवाज आला. मी उजाडेपर्यंत तिथेच बसलो होतो. माझ्या मनात सारखी एक लहान मुलगी येत होती, जिचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, आणि ती दर वेळी हसत होती.

सकाळी गाड्यांवर सामान चढवताना तो म्हणाला, "जाऊ दे पोरीला." आणि लगेच म्हणाला, "पण तिला यातलं काही सांगायचं न्हाई. तिच्या आईलाबी म्हाईत न्हाई. तिच्यासाठी तंबू म्हणजे नुसता तंबू राहू दे." मी कबूल झालो. इथे हे लिहिलंय ते त्याला विचारून, कोणाचंही नाव न घालता.

मे महिन्यात शाळेच्या मैदानावर बस उभी होती. ती मुलांना मनमाडला नेणार, तिथून पुढे रेल्वे. सकाळीच ऊन तापलं होतं. वहिनींना निरोप देताना भरून येतं म्हणून त्या घरीच थांबल्या होत्या, मित्राने मला बरोबर बोलावलं होतं. मुलीने नवे बूट घातले होते. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, काय जादू केली तुम्ही?" मी म्हणालो, तुझा बाप ढाराढूर झोपला, दुसरं काही नाही.

ती बसमध्ये चढली आणि मैत्रिणींच्या घोळक्यात पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. या बाजूच्या खिडक्यांतून नुसती डोकी दिसत होती, कोणाचं कोणतं ते कळत नव्हतं. आत गाणी, आरडाओरडा. बसचं दार बंद झालं. मित्र पुढे गेला आणि बसच्या पत्र्यावर त्याने तळव्याने थाप मारली.

आतून कोण उत्तर देणार? तिला तो खेळ कोणी शिकवलाच नव्हता. इंजिन सुरू झालं. त्याने पुन्हा थाप मारली, जोरात. आणि तो पत्र्याला कान लावून उभा राहिला. बस हलायला लागली तसा तोही तिच्याबरोबर चालायला लागला, तळवा पत्र्यावरून न काढता.

मी त्याच्यामागे गेलो, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणालो, "हाय रे. हाय ती."

त्याने बसवरचा हात काढला.