आठ नंबरचे बूट

"सेल्युलायटिस आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे कातडीखालच्या मांसात जंतू शिरलेत. अजून अंगावर काढलं असतंत, तर पाय वाचवणं कठीण होतं."

माय गावाहून, वडनेर भोलजीहून, धावत आली होती. तिनं एवढंच विचारलं, "कायनं झालं हे?"

"बुटानं," मी म्हणालो.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. खामगावात आमच्या कॉलेजाचा बास्केटबॉल संघही नवाच होता. कॅप्टन मनोहरनं सगळ्यांसाठी मुंबईहून बूट मागवले. पांढरं कॅनव्हास, घोट्यापर्यंत उंच, पुढून निमुळते. दिसायला असे, की चालताना माझी नजर खालीच जायची. पण माझा पंजा रुंद. नऊ नंबर सांगितला होता, हातात आठ आला.

"नऊचा आलाच नाही बे," मनोहर म्हणाला. "घाल, सैल पडते. त्या जुन्या फताड्या बुटात मी तुले उतरू देणार नाही."

मी घातले. करंगळीला फोड आला, फुटला. वर चिंधी बांधून मी खेळत राहिलो. मग थंडी वाजून ताप आला आणि पावलापासून वर चढत गेलेली लाल रेघ दिसली. तुमच्या पायावर अशी रेघ दिसली, तर घरी बसू नका.

दवाखान्यात ड्रेनेज केलं, म्हणजे चीर देऊन पू काढला. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. पाय उशीवर उंच ठेवून पडून राहायचं. संघातला सदाशिव भेटायला आला आणि सहज बोलून गेला, "नऊ नंबरचा एकच जोड आला होता. मनोहरनं सोताले ठेवला."

तेव्हापासून खाटेवर पडल्या पडल्या मला एकच विचार. हा आठ नंबर त्याच्या पायात कसा घालायचा? सिस्टर म्हणाल्या, "आज चेहऱ्यावर तेज दिसतंय." मी त्यांना कारण सांगितलं नाही.

दवाखान्यातून सुटी मिळाल्यावर काठी टेकत थेट मैदानावर गेलो. सगळ्यांसमोर बूट मनोहरपुढे ठेवले.

"हे घाल. तुहे मले दे."

"काऊन?"

"सैल पडते म्हणत होता ना?"

सदाशिवनं सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. मनोहरनं आजूबाजूला पाहिलं. त्याची बाजू घ्यायला कोणी पुढे आलं नाही. खाली बसून त्यानं बूट बदलले आणि पूर्ण सराव खेळला. शेवटी शेवटी तो लंगडत होता. मी कडेला बसून पाहत होतो. इतकं समाधान मला कुठल्याच सामन्यानं दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीवर आला. टाचेला टरारून फोड आला होता. "काय करू बे?"

काही होत नाही, खेळत राह्य, असं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या खाटेवर मी पडून आलो होतो. "फोडू नको," मी म्हणालो. "आजच्या आज ड्रेसिंग करून घे."

त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे उपकार आहेत, माझा पाय शाबूत राहिला. संध्याकाळी थोडा सुजतो. आता बूट घेताना मी आधी बोटं हलवून पाहतो, दिसण्याचं नंतर.

मनोहरनं त्या दिवशी जाताना आपले बूट मागितले. मी दिले नाहीत.