साडीच्या काउंटरवरची मावशी

साड्या, भांडी, खेळणी सगळं एकाच छताखाली विकणारं एक तीन मजली दुकान भिवंडीत होतं. तिथे ती साडीच्या काउंटरवर उभी असायची. साडी स्वतःच्याच खांद्यावर टाकून म्हणायची, "घेऊ नको गो, बघ तरी!" कामगारांना स्टूल नव्हतं. कुणी टेकलं, तरी मॅनेजर गिऱ्हाइकांसमोर ओरडायचा. ही नोकरी आहे की शिक्षा, असं मी आमच्या कामगार युनियनच्या पत्रकात छापलं. तिने ते वाचलं आणि म्हणाली, "छपाई चांगली हाय."

नव्वदच्या सुमारास मालकाने दुकान अचानक बंद केलं. आम्ही शटरसमोर धरणं धरलं. सगळे बसले, ही मात्र दिवसभर उभीच.

"मावशी, आता तरी बसा! आता कोण ओरडणारे?" मी चिडून म्हणालो.

"बसायची सवय लागली नि उद्या दुकान उघडलं तर? या वयात मला दुसरीकडं कोण घेणार हाय रे?"

शटरच्या आत सुतार काउंटर मोडत होते. हातोड्याचे घाव आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू येत होते. तिने पदर सारखा केला आणि शटरकडे तोंड करून उभी राहिली, गिऱ्हाईक जिना चढून येताना राहायची तशी.